उत्तर देऊ नये

४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असशील. पत्ता कुणी दिला म्हणून डोकं खाजवू नकोस. तू तुझ्या जुन्या पेंटर मालकाकडे अनुभवाचा दाखला मागितलास, त्या अर्जावर तो होता. मालक चष्म्याचा नंबर काढायला आमच्या दुकानात आले, मी त्यांना तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावली आणि ते डोळे बारीक करत असताना गोड बोलून पत्ता काढून घेतला. चार वर्षांनी निदान माणूस आहे एवढं तरी कळलं.

या पत्राचं आईला माहीत नाही. ती बरी आहे, गुडघे सोडून. तुझी खोली रोज झाडते. तुझं नाव काढत नाही, पण दारावर थाप पडली की हातातलं टाकून उठते, आणि बाहेर दूधवाला निघाला की त्या बिचाऱ्यावर खेकसते. तू घरी यावंस एवढीच तिची इच्छा आहे, आणि ती माझ्यापाशीसुद्धा बोलून दाखवत नाही.

मी अजून चष्म्याच्या दुकानातच. फ्रेम पुसण्यापासून बढती मिळाली. आता फ्रेम गरम करून कानामागे वाकवणं, दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजणं, काच बसवणं, सगळं माझ्याकडे. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांत बघत बसते, पण घाबरू नकोस, अजून कुणाच्या प्रेमात पडलेले नाही. वर तू रंगवलेली पाटी तशीच आहे. 'चष्मे'मधल्या ष च्या पोटात तू मारलेला नखरेल वळसा उन्हाने फिका पडलाय, तरी ओळखू येतो.

आता खरी बातमी. मी बचाव पथकात नाव घातलंय. हो, तुझ्याच. वाचनालयाच्या भिंतीवर कागद होता, 'साहस आणि सेवा, वय अठरा ते पंचवीस'. दुकानात उभं राहून राहून पाय सुजतात, म्हटलं जरा डोंगर चढू. दुसरं काही कारण नाही.

पाण्याच्या टाकीखालची तुमची ती खोली अजून तशीच ओलसर. खुंट्यांवर दोर, कोपऱ्यात स्ट्रेचर, पत्र्याची ट्रंक. वायरमन काका अजून प्रमुख आहेत. खांबावर चढायच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण बोलतात अजून खांबावरून खाली बोलल्यासारखंच. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं, आडनावाशी थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं." डाव्या हाताने हात मिळवायचा असतो हे मला माहीत होतं. तूच लहानपणी शिकवलं होतंस.

आज पहिली सेवा वृद्धाश्रमात झाली. बाकीचे पंखे पुसत होते, मी टेबल मांडून सगळ्यांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळले. एक आजोबा गेल्या बायकोचा चष्मा लावून हिंडत होते. नंबर जुळत नाही म्हटलं तर म्हणाले, "ठाऊक आहे, पण सवय झाली." माझ्यापुढे रांग लागली. लंबू म्हणून एक मुलगा आहे, तो म्हणाला की पहिल्याच दिवशी एवढा भाव खाणारी मीच.

पंधरा दिवसांनी खाणीमागच्या रानात शोधाचा सराव आहे. त्यासाठी आम्ही ट्रंक आवरली. मोडल्या हाडाला आधार द्यायच्या खपच्या आणि त्रिकोणी पट्ट्या यांची बोचकी बांधायची होती. चार जण खोटे पेशंट होणार, बोचकी मात्र पाच. मी काकांना म्हटलं, एक जास्त झालं. ते म्हणाले, "असू दे. जादाचं एक नेहमी असतं." तुझ्या वेळीही असायचं का?

उत्तर दे. पोस्टमन आपल्याकडे अकराला येतो, मी तेव्हा दुकानातून दहा मिनिटं पळून येईन.

तुझी बहीण


१८ फेब्रुवारी, रविवार

दादा,

उत्तर नाही आलं. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी ते घेतलंय. तूच घेतलंस असं धरून चालते.

आजचा सराव सांगते. तुला सगळं पाठ असेल, तरी ऐक, कारण मला ते कुणाला तरी नीट सांगायचंय. चौघं नऊ वाजता पुढे जाऊन रानात ठिकठिकाणी पडून राहिले, प्रत्येकाच्या गळ्यात काय लागलंय त्याची चिठ्ठी. साडेनऊला आम्ही पाच जण त्यांना शोधायला निघालो. पेशंट सापडला की चिठ्ठी वाचायची, त्यात लिहिलंय तेवढाच इलाज करायचा आणि पुढची शिट्टी होईपर्यंत त्याच्यापाशी थांबायचं. तीन लांब शिट्ट्या म्हणजे खेळ संपला, पेशंटने उठायचं. ज्याने चिठ्ठी बांधली त्यानेच ती सोडायची. हा नियम तू केलास असं लंबू म्हणाला.

पाचवं बोचकं काकांनी माझ्या हातात दिलं आणि मला घळीकडे पाठवलं. खाणीच्या मागे कोरडा पाट आहे, त्याच्या खाली. ऊन चढलं होतं आणि वारा नव्हता. मला वाटलं नव्याला मुद्दाम जिथे कुणी नाही अशा जागी पाठवून चकवतायत.

पण तिथे पेशंट होता. दगडाच्या सावलीत, मान पलीकडे वळवून, हिरवा स्कार्फ, अंगात आपल्या पथकाचा जुन्या पद्धतीचा बिनखिशाचा शर्ट. चिठ्ठीवर होतं, 'डावा पाय. नडगी मोडली. बेशुद्ध. उत्तर देऊ नये.' मी खपच्या लावल्या, पट्ट्या बांधल्या, डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर. गाठी इतक्या छान बसल्या की मीच माझी पाठ थोपटली. त्याच्या हातावरून मुंग्यांची रांग चालली होती आणि तो बोटसुद्धा हलवत नव्हता. मी म्हटलंही, बाबा रे, एवढं मनावर नको घेऊस.

एक गोष्ट मात्र खटकली. डोळे मिटल्याचं सोंग करणाऱ्याच्या पापण्या थरथरतात. मी रोज बघते, डोळ्यांत औषध घालायचं म्हटलं की मोठमोठे बापे सोंग आणतात. याच्या पापण्या थरथरत नव्हत्या.

शिट्ट्या झाल्या. मी वर येऊन थांबले. चौघं पेशंट कपडे झटकत आले, प्रत्येकाला ज्याने शोधलं तो सोबत. मी म्हटलं, माझा अजून घोरतोय, उठवा कुणीतरी. कुणी हसलं नाही. सिस्टर म्हणून एक आहे, सरकारी दवाखान्यात नर्स, तिने मान खाली घातली. काकांनी वही उघडून विचारलं, "डावा पाय?" मी हो म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि डावा हात पुढे केला. "झालं तर मग. आता तू पथकाची."

मी पळत परत घळीत गेले. तिथे कुणी नव्हतं. खपच्या नव्हत्या, पट्ट्या नव्हत्या. जिथे तो पडला होता तिथलं गवत उभंच होतं.

नव्याला टोपी घालायची यांची ही रीत असेल, असं मी दुपारभर स्वतःला समजावतेय. पण दादा, चिठ्ठीतल्या 'बेशुद्ध'मधल्या श च्या पोटात नखरेल वळसा होता. तसा वळसा मी रोज दुकानाचं शटर उघडताना बघते. चिठ्ठी तुझ्या अक्षरात होती.

तुझ्या जुन्या चिठ्ठ्या यांच्याकडे राहिल्यात का? एवढंच सांग.

तुझी बहीण


२५ फेब्रुवारी, रविवार

दादा,

काल सिस्टरला गाठलं. तिची पाळी संपायची वाट बघत दवाखान्याच्या फाटकाशी दीड तास उभी राहिले. आधी तिने मला उडवून लावलं, मग माझ्याकडे बघून तिलाच दया आली असावी. समोरच्या बाकावर बसून तिने सगळं सांगितलं.

घरी तू सांगितलं होतंस की डुलक्या खाणीत पडला. आम्ही ते खरं धरलं. डुलक्या तुझा जिगरी दोस्त, सरावात पेशंट झाला की खरंच झोपी जायचा म्हणून ते नाव. तो गेला आणि तू दोन महिन्यांत घर सोडलंस. दुःख सहन झालं नाही, असं आई सगळ्यांना सांगते. मीही तेच सांगायचे.

सिस्टर तेव्हा पथकात नवी होती. ती म्हणते तो पडला नाही. शोधाच्या सरावात पेशंट म्हणून घळीत जाऊन झोपला आणि तिथे त्याला विषारी जनावर चावलं. उजव्या मनगटावर. त्या दिवशी शोधणाऱ्यांत एक जण कमी होता म्हणून चिठ्ठ्या लिहिणारा तूच शोधायला गेलास. तुला तो सापडला, तू चिठ्ठीप्रमाणे डावा पाय बांधलास आणि त्याच्यापाशी शिट्टीची वाट बघत बसलास. शिट्ट्या झाल्यावर तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले की पाय बांधला तेव्हा तो जिवंत होता.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. तुला ते सोंग वाटलं. कुणालाही वाटलं असतं. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही, सिस्टरही तसंच म्हणाली.

मग मी घळीचं विचारलं. ती इतक्या सहज बोलली की मला तेच जास्त लागलं. तेव्हापासून पथकात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो सापडतो. एकदाच. लंबूला सापडला, बाकीच्यांनाही. सगळे डावा पाय बांधतात आणि परत येतात. म्हणून जादाचं बोचकं. मी विचारलं, कुणी काही करत का नाही? ती म्हणाली, "करतो की. पाय बांधतो."

मग पथकाच्या खोलीवर नेऊन तिने मला अजून एक दाखवलं. त्या दिवसाच्या बाकीच्या तीन चिठ्ठ्या ट्रंकेच्या तळाशी आहेत, तुझ्याच अक्षरात. कपाळाला खोक. मनगट मुरगळलं. बेशुद्ध, छातीला मार. बेशुद्ध पेशंट दुसराही होता, पण 'उत्तर देऊ नये' ही ओळ त्याच्या चिठ्ठीत नाही. ती फक्त डुलक्याच्या चिठ्ठीत होती.

का रे? सिस्टर म्हणते, त्याआधीच्या स्पर्धेत डुलक्या पेशंट असताना भसकन हसला होता आणि तुमची ढाल गेली होती. सगळे त्यावर हसले, तू आठवडाभर त्याच्याशी बोलला नाहीस. म्हणून लिहिलंस का ते?

तुझी बहीण


१७ मार्च, रविवार

दादा,

तुझं उत्तर मिळालं. 'पथक सोड.' दोन शब्द. चार वर्षांच्या हिशेबाने वर्षाला अर्धा शब्द पडला, बरा परवडला तुला. आई बरी आहे का, हे विचारायलाही शाई उरली नाही.

मी पथक सोडलं नाही. आज पुन्हा सराव होता. सिस्टरने सांगितलं होतं की दुसऱ्यांदा तो कुणालाच दिसलेला नाही, तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी मी न विचारता घळीकडे गेले, आणि जाताना काकांच्या ट्रंकेतलं जादाचं बोचकं उचललं. काकांनी बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

तो होता. तीच सावली, तोच शर्ट, मान पलीकडे. डाव्या पायाला काही बांधलेलं नव्हतं. चार वर्षं एवढ्या सगळ्यांनी बांधलेल्या पट्ट्या कुठे जातात कुणास ठाऊक.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी रागही आला. इतकी माणसं येऊन गेली, मागाहून प्रत्येकाला कळलं की चावलंय हाताला, तरी पुढच्या नव्याला पायच बांधू दिला, कारण चिठ्ठीत पाय लिहिलाय. मी ठरवलं, आपण चिठ्ठी वाचायचीच नाही. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि मनगट हातात घेतलं. तिथे दोन ठिपके होते. हात कोपरापर्यंत सुजलेला, कातडी ताणलेली, आणि उन्हात पडूनही थंड.

मी म्हटलं, "हाताला चावलंय तुला. हलू नकोस, मी बघते."

त्याने डोळे उघडले. मी सवयीने आधी बाहुल्याच बघितल्या. वर लख्ख ऊन होतं आणि त्या आकसल्या नाहीत. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट, हळू, जणू मी नवी आहे म्हणून मला नियम सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "ते चिठ्ठीत नाहीये."

मग डोळे मिटले. तेवढ्यात शिट्ट्या झाल्या, मी आवाजाच्या दिशेला मान वळवली. परत बघितलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. हाताची मूठ तशीच राहिली होती.

वर कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय. तक्रार करत नव्हता तो, दादा, हेच मला सारखं आठवतंय. अजून नियम पाळत होता.

तुझी बहीण


२ एप्रिल, मंगळवार

दादा,

चार पानं आली. दुकानात काउंटरखाली बसून वाचली. एक बाई बाहेर चष्म्यासाठी खोळंबली होती, तिला खोळंबू दिलं.

तू लिहिलंयस ते मी इथे पुन्हा लिहिते, मी नीट वाचलं का ते बघण्यासाठी. तू पोहोचलास तेव्हा डुलक्या जागा होता. त्याने तुझ्याकडे बघून उजवा हात वर केला. मनगटावर लाल होतं. पेशंटच्या खोट्या जखमा तूच रंगवायचास, आणि ही तू रंगवली नव्हतीस. तुला वाटलं त्याने तुझा रंगाचा डबा परस्पर वापरला आणि पुन्हा थट्टा चालवलीय. तू म्हणालास, "ते चिठ्ठीत नाहीये. झोप." त्याने हात खाली घेतला आणि डोळे मिटले. त्यानंतर तू पाय बांधलास.

हे तू पोलिसांना सांगितलं नाहीस, काकांना नाही, आईला नाही. ते वाक्य जगात तुम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि ते मी तुला पत्रात लिहून पाठवलं.

तुझा रात्रभर राग आला. खरंच आला. तो आपल्या ओट्यावर बसून आईशी तासन् तास गप्पा मारायचा, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायचा. त्याला तू गप्प राहायला लिहून दिलंस आणि तो मरेपर्यंत गप्प राहिला. सकाळी राग उतरला आणि तुझीच कीव आली. हे वाक्य चार वर्षं पोटात घेऊन परक्या गावात पाट्या रंगवणं सोपं नसेल.

आता माझंही ऐक. साहस, सेवा, सुजलेले पाय, सगळं खोटं होतं. तू का गेलास ते शोधायला मी पथकात आले. कारण कळलं तर तुला परत आणता येईल, असं मला वाटलं होतं. आईचे गुडघे नुसतेच दुखत नाहीत, ती हल्ली जिना उतरत नाही. तुझी वाट बघणं हे तिचं एकच काम उरलंय आणि ते ती माझ्यादेखत करते. मी समोर असताना. त्याचंही मला लागतं, पण ते असू दे.

तू ये. चिठ्ठी तू बांधलीस, ती तूच सोडायचीस. त्याला सांग की बोल. मग घरी चल. एकवीस तारखेला सराव आहे.

तुझी बहीण


२२ एप्रिल, सोमवार

दादा,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. तू भिंतीपलीकडे आहेस. आत एकालाच सोडतात आणि आई आत आहे. जिना उतरत नाही असं लिहिलं होतं ना, काल दोन जिने उतरली आणि इथला एक चढली.

तू शुद्धीवर आलास की तुला काही आठवणार नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणून कालचं लिहून ठेवते.

तू घरी न येता सरळ खाणीवर आलास. दाढी वाढलेली, हातात काही नाही. माझ्या डोक्यावर फक्त एक टपली मारलीस. काकांनी डावा हात पुढे केला, तो घेतलास. मग एकटाच घळीत उतरलास. मी मागे येत होते तर काकांनी दंड धरला. म्हणाले, "त्याचं त्याला करू दे."

आम्ही सगळे वर उभे होतो. तुझा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी तू बराच वेळ बोललास. मग थांबलास, जणू दुसरं कुणी बोलतंय आणि तू ऐकतोयस. ते फार वेळ चाललं. मग तू एकदा हसलास, आणि दादा, ते मला आवडलं नाही. तू असा भसकन कधी हसत नाहीस.

तू वर आलास तो उजवा हात वर धरून. तोल जात होता. आम्ही दहा जण होतो, सिस्टर होती, काकांचा तीस वर्षांचा अनुभव होता, आणि कुणी जागचं हललं नाही. कारण आम्ही सगळ्यांनी आधी तुझ्या गळ्याकडे बघितलं. चिठ्ठी आहे का, काय लिहिलंय. मीसुद्धा. देवाशपथ, मीसुद्धा. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तेवढा वेळ तू हात वर करून उभा होतास.

मग मी धावले. तुला आडवं केलं, चालू दिलं नाही, घड्याळ काढलं, हात हलणार नाही असा बांधला. सिस्टरने दवाखान्यात कळवलं. लंबू आणि बाकीच्यांनी स्ट्रेचर पळवलं. मनगटावर दोन ठिपके होते, ताजे. तिथे खरंच जनावर होतं, नेहमीच असेल, दगडाखाली. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, अर्धा तास उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं. मी बाहेर येऊन भिंतीशी तोंड करून रडले. चार वर्षांत रडले नव्हते एवढी.

हे लिहीत असताना आई बाहेर आली. रडत होती आणि हसत होती. म्हणाली, "शुद्धीवर आलाय गं. बोलतोय. थांबतच नाहीये, एक झालं की दुसरं. इतका कधी बोलायचा तो?" मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "जरा भ्रमात आहे अजून. मला काकू म्हणतोय."

डॉक्टर म्हणाले विषाचा अंमल आहे, उतरेल. मला दोन मिनिटं आत सोडलं. पलंगावर तू उशीला टेकून बसला होतास. मला बघून तोंडभर हसलास आणि म्हणालास, "पाय मस्त बांधला होतास हां. सगळ्यांत तुझ्याच गाठी चांगल्या." ते मी तुला पत्रात लिहिलं होतं, तेव्हा ते तुला माहीत असणारच. असं मी मनाला सांगितलं. खिडकीतून ऊन थेट चेहऱ्यावर येत होतं. मी डोळ्यांत बघितलं. बाहुल्या आकसलेल्या नव्हत्या. बघायला नको होतं.

मी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "दादा कुठे आहे?"

आल्यापासून पहिल्यांदा तो गप्प झाला. वाईट वाटलं असावं त्याला. मग म्हणाला, "झोपलाय. दमला होता. मी उठवलं नाही."

आई बाहेर सिस्टरला विचारतेय की गुरुवारी घरी नेता येईल का, त्याला खायला काय चालेल. चार वर्षांत मी तिला असं बघितलं नाही. तिला मी काही सांगणार नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. रविवारी घळीत घेऊन येते. बोचकं आणि कात्री सोबत असेल. तुझ्या गळ्यात काहीही लिहिलेलं असलं तरी मी वाचणार नाही, तू फक्त हात वर कर.

तुझी बहीण